खालती म्हणजे कुठं

दाऊद, तुझ्या सकिनाचं पत्र आलं. तू गेल्याला आज चोवीस दिवस झाले, आणि इतकी वर्षं तुझ्या नावाने येणारी पत्रं मी तुला वाचून दाखवत असे, तसं हेही पत्र हातात घेऊन नकळत तुझ्या खोलीकडे निघालो होतो. पायऱ्या चढल्यावर लक्षात आलं. तिथे आता दुसरा माणूस राहतो. दाराबाहेर त्याच्या चपला होत्या. मी तसाच परत फिरलो.

अक्षर छान आहे पोरीचं. शेवटी तिने लिहिलंय, "मां विचारते, बाबांची कबर कुठल्या अंगाला आहे?"

एवढाच प्रश्न आहे. आपल्या खाडीवरचं कुणीही विचारील असा. पण गेले चार दिवस मी कागद पुढ्यात घेऊन बसतोय आणि उत्तर लिहवत नाही. तुला कारण ठाऊक आहे. बाकी कुणाला पुरतं नाही, म्हणून आज सगळं लिहून काढतो. तुझ्यासाठी इतकी वर्षं मी लिहीत आलो, तू सांगायचास आणि मी लिहायचो. आज सांगणारा नाही. मलाच सांगायचंय.

मी तुला अरेतुरे करायचो, याचं इथल्या पुण्यामुंबईच्या मंडळींना नवल वाटायचं. तू माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पण खाडीवर कोण कुणाला अहोजाहो करतं? अलीकडच्या काठावर माझं गाव, पलीकडे तुमचा मोहल्ला, मध्ये खाडी आणि माणसं पार नेणारी तर. लहानपणी आपण एकमेकांना पाहिलंही असेल, ओळख मात्र झाली ती इथे अरबांच्या मुलखात, तेलकंपनीच्या गावी अहमदीत, मेसच्या दारात. मी बोटीतून उतरून दोनच दिवस झाले होते. तू गाडी पुसत होतास आणि कुणाला तरी ओरडून सांगत होतास, "ती बादली वरच्या अंगाला ठेव रं." मी थांबलो. वरच्या अंगाला म्हणणारा माणूस आपलाच, हे कळायला नाव विचारावं लागलं नाही.

आपल्याकडे दिशा दोनच. वरती आणि खालती. वरती म्हणजे घाट, खालती म्हणजे समुद्र. पूर्व-पश्चिम शाळेत, पुस्तकात. घरात, शेतात, तरीवर वरती आणि खालती. हा शब्द आपण दोघं इथे बरोबर घेऊन आलो. त्यात एक गोम होती, ती मात्र आपल्याला ठाऊक नव्हती.

त्या शुक्रवारची गोष्ट मेसमध्ये शंभरदा सांगून झाली असेल. हसत हसत सांगितली गेली, म्हणून ती खोटी झाली. खरी अशी.

त्या वर्षी थंडीत पाऊस चांगला झाला होता. बाजारात फगा आला होता. जमिनीखाली वाढणारा तो बटाट्यासारखा कंद, ढग गडगडले की रुजतो म्हणतात. मेसचा आपला आचारी वामन पेडणेकर, मालवणचा. त्याने तो एकदा कांद्यावर परतून दिला आणि माझ्या डोक्यात आलं की आपण स्वतः जाऊन खणून आणू. वाळवंटात तंबू ठोकून राहणारे बद्दू लोक आणतात, आपण का नाही? वाळवंटात त्या दिवसांत बोटभर हिरवं उगवतं, बारीक जांभळी फुलं येतात, असं ऐकलं होतं. दोन वर्षांत मी पत्रे, पिंपं आणि नळ सोडून काही पाहिलं नव्हतं.

तू नको म्हणालास. तुला कंपनीची पिकअप मिळाली होती ती मेससाठी किनाऱ्यावरच्या फहाहीलहून मासे आणायला. तेवढीच परवानगी होती.

"मासळी घेऊ नि परत येऊ," तू म्हणालास. "वाळवंटात आपलं काय हाय?"

"तांडेलाचा मुलगा आणि घाबरतोस?" मी म्हणालो.

"तांडेलाचा पोर हाय म्हणून घाबरतंय. पाण्याला घाबरत नाय तो बुडतो."

पेडणेकर मागून म्हणाला, "दाऊद, कारकुनाक जरा फिरव रे. नायतर हो रात्रभर माझ्या आमटीक नावां ठेयत."

तू हसलास. कारकून हे तू मला ठेवलेलं नाव. तुझं हसू पाहून मला कळलं की तू येणार. मी हट्ट केला, दाऊद. माझ्या हातून घडलेली पहिली गोष्ट ही. कुणी विचारलं नाही, तरी लिहून ठेवतो.

सकाळ फार सुंदर गेली. तुला आठवत होती का ती शेवटपर्यंत? मला ती आठवते, कारण एवढा आनंद मला त्या देशात पुन्हा झाला नाही. आपण फगा शोधत ओणवे फिरत होतो. जमिनीला बारीकसा तडा गेला असेल तिथे उकरायचं. पेडणेकरला पहिला सापडला, त्याने तो नाकाला लावला आणि म्हणाला, "मातयेचो वास. आमच्या परड्यातलो." तू फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या काढल्यास. सुका बोंबील काढलास आणि माझ्याकडे पाहून म्हणालास, "तू वास घे फक्त." मी तेव्हा अजून मासे खात नव्हतो. तुझ्याच हातचा पहिला खाल्ला, त्याच दिवशी, पुढे सांगतो त्या वेळी.

जेवणानंतर मी म्हणालो, "जरा दे ना गाडी. इथं कोण आहे आडवं यायला?"

तू महिनाभर मला गाडी शिकवत होतास, यार्डाच्या मागच्या मोकळ्या जागेत, चोरून. माझ्याकडे लायसन नव्हतं. तू जागा सोडून बाजूला बसलास. पेडणेकर मागे, फग्याच्या गोणीपाशी. मी चालवत होतो आणि दोघंही माझी चेष्टा करत होतात. तेवढ्यात तू एकदम गप्प झालास. काच खाली करून तोंड बाहेर काढलंस.

"शमाल येतोय," तू म्हणालास. "थांबव."

शमाल म्हणजे इथला धुळीचा वारा. आकाश एका बाजूने पिवळं झालं होतं. मी थांबवली. मागची ताडपत्री सुटली होती, ती बांधायला तू उतरलास, आणि वारा तुझ्यावर आला. मी आतून पाहत होतो. आधी तू होतास, मग तू दिसेनासा झालास. पेडणेकर तुला हाताला धरून पुढे घेऊन आला तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. छागलीतलं थोडं पाणी ओतलं. उघडता येईनात. तू डोक्याचा रुमाल ओला करून डोळ्यांवर बांधलास.

"मना काय दिसत नाय," तू म्हणालास. आवाजात भीती नव्हती. "थांबू या का?"

मी म्हणालो, "नको, गाडीवर वाळू चढेल. जाऊ या." दुसरी गोष्ट ही. तू थांबू म्हणाला होतास.

तू जरा विचार केलास आणि म्हणालास, "मग खालती घे. सरळ खालती. कुठं तरी सडक लागलच."

दाऊद, आपली एवढी ओळख, पण तो शब्द तुझ्या घरात कसा वापरत हे मला ठाऊक नव्हतं. तुझा बाप तांडेल, मचवा हाकणारा. मचवा खालती गेला म्हणजे दर्यात गेला. माझे वडील शाळामास्तर. संध्याकाळी ओटीवर बसून ते म्हणत, "सूर्य खालती गेला, दिवा लावा." आपल्या किनाऱ्यावर दोन्ही एकच. समुद्रही तिकडेच, मावळतही तिकडेच. तुमची मशीदही तिकडेच तोंड करून. तिन्हींत फरक करायची वेळ कुणावर आली नाही.

धुळीतून सूर्य दिसत होता. अल्युमिनियमच्या ताटलीसारखा, निस्तेज, बराच कललेला. तू खालती म्हणालास आणि मी त्याच्या रोखाने गाडी घातली. मनात शंकासुद्धा आली नाही. अहमदीत दोन वर्षं मी रोज सकाळी सूर्य समुद्राकडून वर येताना पाहत होतो. टेकाडावरून दिसायचा. तरीही. घाबरलेल्या माणसाला डोळ्यांनी पाहिलेलं आठवत नाही, लहानपणी ऐकलेलं आठवतं.

किती वेळ चालवली कोण जाणे. तासभर तरी. पेडणेकर पुढे येऊन आपल्या दोघांत दाटीवाटीने बसला होता आणि देवाला एकेक नवस बोलत होता, कोंबड्यापासून सुरुवात करून बोकडापर्यंत आला होता. तू मान एका बाजूला करून ऐकत होतास. मग म्हणालास, "दर्याचा वास कसा नाय अजून?"

"येईल."

"सूर्य कुठं दिसतो?"

"समोर," मी म्हणालो. "अगदी समोर."

रुमाल बांधलेलं तुझं तोंड माझ्याकडे वळलं. मला ते आजही दिसतं. डोळे दिसत नव्हते आणि तरी तू माझ्याकडे पाहत होतास.

"समोर?" तू हळू म्हणालास. "अरे कारकुना, इथं दर्या उगवतीला हाय."

मी दचकून गाडी वळवायला गेलो. जोरात. तू थांब म्हणेपर्यंत मागची चाकं भुसभुशीत वाळूत गेली होती. मी आणखी वेग दिला आणि ती आणखी खाली गेली.

त्यानंतरचं मेसमध्ये सगळे सांगतात ते खरं आहे. वारा पडला तेव्हा अंधार झाला होता, आणि आपल्या पाठीमागे आकाशात लाल उजेड दिसला. तेलविहिरींवरच्या जाळांचा. ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे पाठ करून आपण एवढं आलो होतो. मी म्हणालो, चालत जाऊ, उजेड तर दिसतोय. तू माझं मनगट धरलंस आणि सकाळ होईपर्यंत सोडलं नाहीस.

"उजेड जवळ दिसतो," तू म्हणालास, "दर्यातनं दीपगृह दिसतं तसा. त्याच्या मागं पोहत गेलेले मना म्हायत हायत."

थंडी मरणाची होती. पेडणेकरने मासळीची रिकामी खोकी फोडून जाळ केला आणि फगा भाजला. तू बोंबील विस्तवावर धरून मला दिलास. "आता खा. वरच्या देवाला इथनं काय दिसत नाय, धूळ केवढी." मी खाल्ला. पाणी घोट घोट वाटून घेतलं. तू तुझा घोट डोळ्यांना लावतो म्हणून बाजूला ठेवलास, आणि पहाटे तो पेडणेकरला पाजलास. त्याला ताप भरला होता.

सकाळी मेंढ्या घेऊन एक म्हातारा बद्दू आला. तू, डोळे अजून अर्धे मिटलेले, त्याच्याशी अरबीत बोलत होतास. त्याने आपल्याला ताक दिलं, तंबूतली जुनी चटई चाकांखाली घातली, आणि आपल्या गोणीत डोकावून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. दिवसभर फिरून आपण जेवढा फगा जमवला होता तेवढा त्याची बायको न्याहारीआधी जमवते म्हणाला. तूही हसलास. मला वाटलं, संपलं. वाचलो.

परत येताना अहमदीची घरं दिसायला लागली तेव्हा तू गाडी थांबवलीस. तेव्हा तूच चालवत होतास, एका डोळ्याने.

"ऐका दोघंही," तू म्हणालास. "गाडी मीच चालवत होतो. सगळा वेळ. कारकुनाकडं लायसन नाय. खरं सांगितलं तर तो परतीच्या बोटीवर, नि त्याच्या हातात गाडी दिली म्हणून मीपण बोटीवर. मी चालवत होतो म्हटलं तर वादळ आलं, अडकलो, एवढंच. ओरडतील. ओरडू देत."

पेडणेकर म्हणाला, "नि ह्यो काय सांगतलो?"

"काय नाय सांगायचं. वादळ आलं. बास."

मी मान हलवली. त्या वर्षी माझे वडील गेले होते, पाठचे दोन भाऊ शाळेत होते, हे तुला ठाऊक होतं. तू ते बोललासही नाहीस.

आता तिसरी गोष्ट. हिच्यासाठी एवढं लिहीत आलो.

साहेब मुंबईचा मराठी माणूस होता, त्याने आपल्याला वेगवेगळं बोलावलं. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, वादळ आलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. गप्प. त्या गप्प बसण्याने मला वाटलं की याला सगळं कळलंय, आता तो माझे हात बघतोय, स्टिअरिंगचे वळ शोधतोय. आणि कुणी विचारलेलं नसताना माझ्या तोंडून निघालं, "वादळात ड्रायव्हरला दिशा कळली नाही."

त्याने ते लिहून घेतलं.

एक वाक्य. ते मी बोललो नसतो तर तुला ताकीद मिळाली असती, बास. त्या वाक्याने तुझी गाडी गेली. दिशा न कळणारा ड्रायव्हर कोण ठेवील? तुला यार्डात टाकलं, नळांची मोजदाद करायला, उन्हात. तू गाडी किती जपायचास. टायर धुतल्यावर हात फिरवायचास, घोड्यावर फिरवावा तसा. त्यानंतर तुझ्या हातात कंपनीने कधी गाडी दिली नाही. दहा वर्षं. इथला रुपया बदलला, झेंडा बदलला, सडका झाल्या, त्या सडकांवर काल आलेली पोरं गाड्या चालवायला लागली, आणि तू यार्डात.

मला बरेच दिवस वाटत होतं की तुला ते वाक्य ठाऊक नाही; साहेबाने ते तुला वाचून दाखवलं असेल, हे डोक्यातच आलं नाही. मग तू पत्र लिहून घ्यायला आलास.

तू खाटेवर बसलास, मी नेहमीप्रमाणे ट्रंकेवर कागद ठेवला. हलिमाभाबीला सलाम, आईच्या गुडघ्यांची विचारपूस, सकिना तेव्हा रांगत होती तिला पापा. मग तू थांबलास. खिडकीबाहेर बघत म्हणालास, "लिही. आता मी यार्डात हाय. काळजी नको. वादळात ड्रायव्हरला दिशा कळली नाही, म्हणून."

तुझ्या बोलीत नाही म्हणालास ते. माझ्या भाषेत म्हणालास. शब्दाला शब्द, जसं मी साहेबाला सांगितलं होतं तसं. नाय नव्हे, नाही.

मग तू थांबलास, दाऊद. चांगला वेळ थांबलास. मी पेन धरून बसलो होतो. तू मला जागा करून दिली होतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. एवढंच म्हणायचं होतं की हे मी लिहिणार नाही. शाई पेनच्या टोकाला गोळा झाली आणि कागदावर पडायला आली, आणि ती पडू नये म्हणून मी लिहायला लागलो. माझ्या हाताने, माझ्या वळणदार अक्षरात, तुझ्या बायकोला. ते पत्र तुझ्या घरी आहे. भाबीने सगळी जपून ठेवली आहेत, तूच सांगायचास.

लिहून झाल्यावर तू म्हणालास, "वाच." मी वाचलं. तू म्हणालास, "बरं आलंय." आणि खिशातून दोन खजूर काढून दिलेस, नेहमी द्यायचास तसे.

त्यानंतर तू मला कधी एक शब्द बोलला नाहीस. मला विषमज्वर झाला तेव्हा तीन रात्री उशाशी बसलास. माझ्या लग्नाला गावी होतास, तरीतून नारळाची दोन पोती घेऊन आलास आणि माझ्या आईला सांगितलंस, "तुमचा पोर तिकडं लई मानाचा हाय." मी बाजूलाच उभा होतो.

मेसमध्ये मात्र ती गोष्ट वाढत गेली. नवा माणूस आला की कुणीतरी म्हणायचं, ह्याला सांगा, तांडेलाच्या पोराने समुद्र कसा हरवला ते. हशा व्हायचा. तू पण हसायचास. मी तुझ्याहून मोठ्याने हसायचो. पेडणेकर तेवढा उठून आत जायचा आणि भांडी आदळायचा.

आणि आपला तो वाद. तो तूच सुरू केलास आणि तूच चालू ठेवलास. वर्षातून दोनचारदा तरी, कुणी नसताना, तू म्हणायचास, "काय कारकून, खालती म्हणजे कुठं?"

"मावळतीला," मी म्हणायचो.

"दर्याला."

"शब्दाचा अर्थ मास्तरला विचारावा, तांडेलाला नाही."

"मास्तर बुडतो तेव्हा तांडेलच काढतो."

मी कधी मान्य केलं नाही. मला वाटायचं, हा आपला खेळ आहे. आता वाटतं की तो खेळ नव्हता. उघड बोलला असतास तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती, म्हणून तू आडून विचारत होतास. दर वेळी दार किलकिलं करत होतास. मी दर वेळी तेच उत्तर देत होतो, आणि तू दर वेळी दार अलगद लावून घेत होतास.

छातीच्या दुखण्याने तुला इस्पितळात ठेवलं, तेव्हा मी तीनदा आलो. तिन्ही वेळा ठरवून आलो की आज सांगायचं. पहिल्यांदा डॉक्टर होता. दुसऱ्यांदा तुला झोप लागली होती. तिसऱ्यांदा कुणी नव्हतं, तू जागा होतास, छातीत घरघर होती. मी बाजारभाव बोललो, पेडणेकरच्या मुलीचं स्थळ बोललो, उन्हाळा बोललो. निघताना तू हात धरलास. मनगट. त्या रात्री धरलं होतंस तिथेच.

"कारकून," तू म्हणालास, "इथनं खालती कुठली बाजू?"

खिडकी उगवतीला होती, आणि तिच्यातून दूर समुद्राची एक पट्टी दिसत होती. मला फक्त बोट करायचं होतं.

जिभेला सवय झाली होती, दाऊद. मी म्हणालो, "मावळतीला."

तू हसलास. हसताना खोकला आला, मी पाणी दिलं. "बरं," तू म्हणालास. दुसऱ्या दिवशी दुपारी पेडणेकर माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. एप्रन न काढता आला होता.

तुला पुरायला तुमच्या किनाऱ्यावरची सगळी मंडळी आली होती, दुकानांतली, गोदीतली. मी आणि पेडणेकर थोडे मागे उभे होतो. तुझं तोंड किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला, म्हणजे मावळतीकडे केलं. गावी असतास तर ते समुद्राकडे झालं असतं. इथे समुद्राकडे पाठ झाली. मूठभर माती टाकायला मला पुढे बोलावलं. वाळूच होती ती. तीच.

तुला पुरल्यानंतरच्या शुक्रवारी मेसमध्ये सगळे जेवायला बसले असताना मी उभा राहून सांगितलं. गाडी मी चालवत होतो. दाऊदने बरोबर सांगितलं होतं, चुकलो मी, आणि साहेबाला खोटं सांगितलं तेही मीच. वाटलं होतं, कुणी थुंकेल. दोघातिघांनी खाली पाहिलं. एका नव्या पोराने विचारलं, दाऊद कोण? पेडणेकर माझ्या ताटात भात वाढत होता, तो वाढतच म्हणाला, "माका काय सांगतंस. मी मधीच बसलेलंय." मग हळू म्हणाला, "त्येच्या घराक सांग."

ते राहिलं होतं. इथे सांगून मी मोकळा होणार नव्हतो. ज्या घरात माझ्या अक्षरातलं ते वाक्य ट्रंकेत ठेवलंय, तिथे ते खोडायला हवं.

आज लिहिलं. सकिना वाचून दाखवील आईला. तिला कळेल असं सोपं लिहिलं. त्या दिवशी गाडी तुझे बाबा चालवत नव्हते, मी चालवत होतो. त्यांचे डोळे बांधलेले होते तरी त्यांना दिशा ठाऊक होती. मला डोळे होते आणि मी चुकलो. त्यांची गाडी माझ्यामुळे गेली. मागे माझ्या हातचं एक पत्र आलेलं आहे, त्यात वेगळं लिहिलंय, ते खोटं आहे. ते फाडू नका. त्याच्या शेजारी हे ठेवा. सुट्टीत येईन तेव्हा तरीने पलीकडे येऊन तुम्हां दोघींसमोर हेच तोंडाने सांगेन. दारात घेतलं नाहीत तर तिथूनच सांगेन.

लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. तू वाच म्हणाला असतास म्हणून.

मग सकिनाच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं राहिलं. कब्रस्तानातून संध्याकाळी भरतीच्या वेळी, वारा असेल तर, लाटा ऐकू येतात. मी काल जाऊन ऐकून आलो. सूर्य माझ्या पाठीशी बुडत होता.

मी लिहिलं, "तुझ्या आईला सांग, कबर खालच्या अंगाला आहे. दर्याच्या बाजूला."